परमुलखातला घास

परदेशप्रवासावरील व्याख्याने आपल्या गावांना नवी नाहीत. पूर्वी गावातील एखादे गृहस्थ विलायतेहून परत आले की वाचनालयाच्या पटांगणात त्यांचे भाषण ठेवीत, आणि भाषण संपल्यावर श्रोत्यांतून दोन प्रश्न हमखास येत : ‘थंडी कितपत होती?’ आणि ‘खाण्यापिण्याचे हाल झाले असतील, नाही?’ आता दिवस पालटले. पालघर-बोईसरकडे दर चार-दोन घरांआड कोणी ना कोणी परदेशी जाऊन आलेले आढळते. थंडीचा प्रश्न मागे पडला आहे. दुसरा मात्र अजून विचारला जातो, आणि तो विचारण्याची तऱ्हाही तीच आहे. परदेशी गेलेल्या माणसाचे जेवणाच्या बाबतीत हाल व्हावयाचेच, हे त्यात गृहीत धरलेले असते.

हे हाल खरोखर होतात काय, होत असल्यास ते कोण करते, आणि ते न होता परक्या मुलखातील अन्नाचा नि पेयांचा आनंद कसा घ्यावा, एवढाच आजचा आमचा विषय आहे. विषय पोटाचा आहे म्हणून तो हलका आहे असे कोणी समजू नये. आपल्या समाजाने ताटावरून आणि पाण्याच्या तांब्यावरून जेवढी भांडणे केली, तेवढी क्वचितच दुसऱ्या कशावरून केली असतील.

दशम्यांचा डबा

प्रथम आमचीच फजिती सांगतो. आम्ही सहाजण गेल्या जून महिन्यात पोर्तुगालमध्ये लिस्बनला गेलो होतो. पालघरचे एक निवृत्त शिक्षक दांपत्य, हे दोघेही शाकाहारी. बोईसरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक फोरमन आणि त्यांची पत्नी, ज्यांचे माहेर सातपाटीचे. चिंचणीचे एक वाडीवाले, ज्यांची चिकूची बाग डहाणूकडे आहे. आणि सहावे या ओळी लिहिणारे. लिस्बनच का, असे आम्हांस पुष्कळांनी विचारले. त्याचे उत्तर तारापूरच्या किल्ल्यात आहे. लहानपणापासून ज्यांचा कोट पाहत आलो त्या लोकांचे घर एकदा पाहावे, एवढीच इच्छा होती.

निघताना आम्ही काय काय बरोबर घेतले होते त्याची यादी करावयाची तर या लेखाची पाने पुरणार नाहीत. दशम्या, चकल्या, भाजके पोहे, मेतकूट, लिंबाचे लोणचे, शेंगदाण्याची चटणी, आणि घरच्या तुपाची एक बरणी. बरणी विमानतळावरच राहिली. युरोपीय संघाच्या देशांत बाहेरच्या प्रवाशांना दूध, मांस आणि त्यांचे पदार्थ नेण्यास मनाई आहे. तूप, पेढे, खवा ही मंडळी त्यातच मोडतात. हा नियम आम्हांस आधी माहीत असावयास हवा होता. दोष आमचाच.

तूप गेले तरी दशम्या शाबूत होत्या. दिवसभर शहर पाहावयाचे आणि सायंकाळी खोलीवर येऊन डबे उघडावयाचे, असा क्रम चार दिवस चालला. आमची उतरण्याची जागा म्हणजे एका वृद्ध बाईंचे घर. तिसऱ्या दिवशी आमच्यापैकी शिक्षिकाबाईंना थोडा ताप आला. ते त्या घरमालकिणीच्या लक्षात आले असावे. चौथ्या सायंकाळी तिने एका मोठ्या भांड्यातून वाफाळते सूप करून आणले आणि दारात उभी राहिली. त्यात काय आहे हे आम्ही विचारले नाही. सहाही जणांनी हात जोडले, माना हलविल्या, ‘नको, नको’ म्हटले, आणि टेबलावरच्या डब्यांकडे बोट दाखविले. तिने डब्यांकडे पाहिले, मग भांड्याकडे पाहिले, आणि मग क्षणभर स्वतःच्या हातांकडे पाहिले. काही न बोलता ती भांडे घेऊन खाली गेली.

त्या रात्री कोणालाच धड झोप आली नाही. वाडीवाले गृहस्थ बराच वेळ गप्प होते. शेवटी ते म्हणाले, “आमच्या ओटीच्या कोनाड्यात एक कान तुटलेला कप असे. वाडीत कामाला येणाऱ्या वारली बाईसाठी. चहा प्यायचा, कप स्वतःच विसळायचा नि कोनाड्यात ठेवायचा. आम्ही कधी तिला काही बोललो नाही. ती कपाकडे बघायची, ते आज आठवले.”

चहा-बिस्किटांचे ग्रामण्य

आम्ही सहाजण काही जुन्या काळातले कर्मठ नव्हतो. तरीही हात आपोआप जोडले गेले. याची मुळे फार खोल आहेत. आपल्याकडे समुद्र ओलांडणे आणि परक्याच्या हातचे खाणे ही दोन्ही एकाच पापाची अंगे मानली जात. सन १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेस निघाल्या, तेव्हा त्यांच्या विद्येपेक्षा त्या तेथे काय खातील, काय नेसतील याचीच चर्चा लोकांनी अधिक केली. आनंदीबाई फिलाडेल्फियास राहिल्या, शाकाहारी राहिल्या, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, आणि परत आल्यावर थोड्याच महिन्यांत, फेब्रुवारी १८८७ मध्ये, निवर्तल्या.

त्यांचे पती गोपाळराव जोशी यांनी पुढे जे केले ते मोठे विलक्षण आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंच हौद मिशनमध्ये शहरातील नामवंत मंडळी एका सभेस जमली. सभेनंतर चहा आणि बिस्किटे आली. काहींनी चहा घेतला, काहींनी शिष्टाचार म्हणून पेला नुसता हातात धरला. गोपाळरावांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली, आणि पुण्यात वादळ उठले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, आणि न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या भानगडीतून सुटका मिळाली नाही. एका पेल्यातल्या चहाने दोन वर्षे एका शहराची झोप उडविली.

आज तो प्रसंग आपण हसत हसत सांगतो. परंतु ‘परक्याच्या हातचे’ ही भीती गेलेली नसून तिने फक्त कपडे बदलले आहेत. पूर्वी ती धर्माच्या नावाने बोले, हल्ली ती ‘पोटाला मानवत नाही’, ‘वास सहन होत नाही’, ‘स्वच्छतेची खात्री नाही’ अशा शब्दांत बोलते. यांतील काही तक्रारी खऱ्या असतात. त्यांचा विचार पुढे करूच. पण खऱ्या तक्रारीच्या आडोशाला जुनी भीती उभी नाही ना, हे प्रत्येकाने आपल्याशी तपासून पाहावे.

आपल्या ताटात आपले किती

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खाली गेलो आणि हातवारे करून आदल्या रात्रीचे सूप मागितले. बाई आधी समजल्या नाहीत, मग हसल्या, आणि आम्हांस स्वयंपाकघरातच घेऊन गेल्या. बटाटे शिजवून घोटलेले, त्यात कोबीच्या जातीच्या हिरव्या पानांची सुतासारखी बारीक चिर, ऑलिव्हचे तेल, आणि वरून मसालेदार डुकराच्या मांसाची एक चकती. या सुपाला ‘काल्दू व्हेर्द’, म्हणजे हिरवे सूप, म्हणतात. चकती पानात वाढतानाच घालतात, त्यामुळे शिक्षक दांपत्यासाठी ती न घालता दोन वाडगे भरण्यास काहीच अडचण पडली नाही. रात्री एक प्रश्न विचारला असता तर हा उलगडा तेव्हाच झाला असता.

बटाट्याकडे बोट दाखवून बाई म्हणाल्या, “बटाटा.” आम्ही सहाही जण एकदम ओरडलो, “बटाटा!” मग खेळच सुरू झाला. पानांना त्या ‘कोव्ह’ म्हणत. आपली कोबी तीच. पावाला ‘पांव’, काजूला ‘काजू’, अननसाला ‘अनानाश’, पपईला ‘पपाया’, चहाला ‘शा’. ज्या भाषेचे एक वाक्य आम्हांस येत नव्हते, तिचा निम्मा बाजार आम्हांला जन्मापासून पाठ होता. हे शब्द आपल्याकडे आले ते माणसांबरोबर आणि मालाबरोबर. वसई १५३४ मध्ये पोर्तुगिजांच्या ताब्यात गेली. माहीम, तारापूर, डहाणू हा किनारा पुढे जवळजवळ दोन शतके त्यांच्या अमलाखाली होता. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने तारापूरचा कोट घेतला, त्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर पडले, आणि मे महिन्यात वसईही पडली. राज्य गेले, बटाटा, पाव आणि काजू राहिले.

श्रोत्यांनी आपल्या उपवासाचेच ताट डोळ्यांपुढे आणावे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा तिकडचाच. बटाटा पेरू देशाकडील डोंगरांतला. हिरवी मिरची, रताळे आणि राजगिरा यांचीही मूळ भूमी अमेरिका खंडच. आषाढी एकादशीला आपण जे पवित्र मानून खातो, त्यातील बहुतेक जिनसा ज्ञानेश्वरांच्या काळी या देशात कोणी पाहिल्यासुद्धा नव्हत्या. आणि घोलवड-डहाणूचा चिकू? ज्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, ज्याच्या बागा इराणी, पारशी आणि मराठी वाडीवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासल्या, तो चिकू मेक्सिकोकडचा. त्या झाडाच्या चिकापासून तिकडे चघळण्याचा गोंद काढीत असत. आमच्या वाडीवाल्यांना हे ऐकून प्रथम रागच आला. मग ते म्हणाले, “म्हणजे आम्ही परदेशी फळ विकून परदेश बघायला आलो!”

तारापूरच्या पारशी घराण्यांकडे पाहिले तरी हेच दिसते. त्यांचे पूर्वज इराणातून आले. पण त्यांच्या मेजवानीतली पात्रानी मच्छी पाहा : पापलेट या समुद्रातले, नारळ नि कोथिंबीर येथली, आणि बांधण्यासाठी केळीचे पान. हजार-बाराशे वर्षांत त्यांनी आपला अग्नी विझू दिला नाही, आणि येथील चूलही परकी मानली नाही. दोन्ही एकदम साधते, याचा हा आपल्या दारातला पुरावा आहे.

वासाची गोष्ट

वासाबद्दल एक अनुभव सांगावासा वाटतो. लिस्बनच्या जुन्या वस्तीत खारवलेल्या सुक्या माशांची दुकाने आहेत. कॉड जातीचे मासे उभे चिरून, मीठ लावून, फळीसारखे कडक वाळविलेले असतात. त्यांना ‘बाकाल्याव’ म्हणतात. हा मासा पोर्तुगालच्या किनाऱ्यावर मिळत नाही. तो उत्तरेच्या थंड समुद्रातून येतो, आणि तरीही त्यांचे राष्ट्रीय अन्न होऊन बसला आहे. शिजविण्यापूर्वी तो दीड-दोन दिवस पाणी बदलीत भिजत ठेवावा लागतो.

दुकानाच्या दारातच आमच्यातील चौघांनी नाकाला रुमाल लावला. फोरमनसाहेबांच्या पत्नी मात्र थबकल्या आणि त्यांनी खोल श्वास घेतला. “सातपाटीचा बंदर!” एवढेच त्या म्हणाल्या. बांबूंवर ओळीने लटकणारे बोंबील, खळ्यात पसरलेला जवळा, आणि त्यांवर वाकलेल्या बायका ज्यांनी लहानपणापासून पाहिल्या, त्यांना तो वास माहेरचा वाटला. लोकलगाडीत माशांच्या पाट्या घेऊन चढणाऱ्या बायकांना पाहून आपण नाके मुरडतो, आणि युरोपातील तोच वास छायाचित्र काढण्याजोगा समजतो, हे काही बरे लक्षण नव्हे. घाणेरडा वास आणि अनोळखी वास यांत फरक आहे. पहिल्यापासून दूर राहावे. दुसऱ्याला पाच मिनिटे द्यावीत.

जूनच्या १२ तारखेच्या रात्री, संत अँथनीच्या सणानिमित्त, तेथे गल्लोगल्ली निखाऱ्यांवर सार्डिन भाजतात. सार्डिन म्हणजे आपल्या तारलीचीच भावकी. भाजलेला मासा पावाच्या जाड कापावर ठेवून देतात. मासा बोटांनी खाता खाता त्याचे तेल पावात मुरते, आणि तो पाव शेवटी खावयाचा. भाकरीवर ठेवलेल्या भाजलेल्या माशाची ज्याला चव ठाऊक आहे त्याला यात काही शिकावे लागत नाही.

काही व्यावहारिक सूचना

आता कसे खावे याविषयी थोडे सविस्तर सांगतो. कारण नुसत्या उत्साहाने पोट बिघडते.

पहिली गोष्ट वेळेची. स्पेनमध्ये दुपारचे जेवण दोन-तीन वाजता आणि रात्रीचे नऊ-दहा वाजता होते. उत्तर युरोपात सायंकाळी सहा-सातलाच लोक जेवून घेतात. गावाच्या वेळेला जेवावे. आपल्या घड्याळाने गेलात तर ताजे अन्न मिळणार नाही, आणि मग ‘खायचे हाल’ होतात.

दुसरी गोष्ट जागेची. जेथे खाद्यपदार्थांची रंगीत चित्रे सहा भाषांत लावलेली आहेत, तेथे स्थानिक माणूस सहसा दिसत नाही. सकाळच्या बाजाराशेजारी, कारखान्यांच्या नि कचेऱ्यांच्या आसपास ज्या साध्या खाणावळी असतात तेथे जावे. पोर्तुगालमध्ये त्या ‘प्रातु दु दिया’, म्हणजे ‘आजचे ताट’, एका ठरलेल्या दरात देतात. आणखी एक ध्यानात ठेवावे : तेथे बसताच न मागता पाव, ऑलिव्ह, चीज मेजावर ठेवतात. ते फुकट नसते. खाल्ले तर बिलात येते. नको असल्यास हसून परत पाठवावे. आम्ही पहिल्या दिवशी त्याला पाहुणचार समजलो होतो.

तिसरी गोष्ट शाकाहारी मंडळींसाठी. परदेशात शाकाहार अशक्य आहे ही समजूत चुकीची आहे. पण ‘शाकाहार’ या शब्दाचा अर्थ देशोदेशी निराळा होतो, हे मात्र खरे. जपानात भाजीच्या रश्शालाही पुष्कळदा सुक्या माशाचे पाणी असते. पण तेथेच बौद्ध मठांची संपूर्ण शाकाहारी पाकपद्धती आहे. थायलंडमध्ये ‘जे’ हा शब्द शोधावा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत तो लिहिलेला असतो, आणि त्या जेवणात कांदा-लसूणही नसतो. चातुर्मास पाळणाऱ्यांचीही सोय तेथे होईल. इथिओपियातील ख्रिस्ती लोक बुधवारी नि शुक्रवारी मांस, दूध, अंडी वर्ज्य करतात, म्हणून त्या दिवशी आंबविलेल्या पिठाच्या मोठ्या मऊ धिरड्यावर डाळी आणि भाज्या वाढलेल्या सर्वत्र मिळतात. आपल्याला काय चालत नाही ते त्या त्या भाषेत कागदाच्या चिठ्ठीवर लिहून घ्यावे आणि जेवण मागण्यापूर्वी दाखवावे. पोर्तुगालसाठी ‘सें कार्न, सें पैश’, म्हणजे मांस नको, मासे नकोत, एवढ्या चार शब्दांवर आमच्या शिक्षक दांपत्याने उरलेले दिवस उत्तम काढले. अंडे चालत नसेल तर तेही वेगळे लिहावे. लिस्बनची प्रसिद्ध गोड कस्टर्डची वाटी अंड्याच्या बलकाचीच असते.

चौथी गोष्ट प्रकृतीची. जेथे नळाचे पाणी भरवशाचे नाही तेथे उकळलेले किंवा बंद बाटलीतील पाणी प्यावे आणि बर्फ टाळावा. डोळ्यांदेखत शिजलेले गरम अन्न आणि स्वतः सोललेले फळ, हे दोन पदार्थ जगात बहुधा कोठेही दगा देत नाहीत. पहिल्या दोन दिवशी कमी खावे. जुलाब झालेच तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोटघोट घेत राहावे, आणि ताप वा रक्त दिसल्यास डॉक्टरकडे जावे. मधुमेह, रक्तदाब, एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असलेल्यांनी आपली पथ्ये सोडू नयेत. घरचे थोडे कोरडे खाणे जवळ ठेवण्यासही हरकत नाही. ते अडचणीसाठी असावे. पण नेण्यापूर्वी त्या देशाचे नियम पाहावेत. ऑस्ट्रेलिया नि न्यूझीलंडमध्ये प्रत्येक खाद्यवस्तू जाहीर करावी लागते. संयुक्त अरब अमिरातीत तर खसखस नेणे हाच गंभीर गुन्हा आहे, मग ती लाडवांतली का असेना.

पेयांविषयी

पेये म्हटली की लोकांना एकदम मद्य आठवते. परंतु कोणत्याही मुलखाचे खरे पेय बहुधा तेथील चहा-कॉफी असते. तुर्कस्थानात कमरेशी निमुळत्या पेल्यातून बिनदुधाचा चहा येतो. लिस्बनमध्ये छोट्या कपातील कडक कॉफीला ‘बिका’ म्हणतात आणि ती उभ्या उभ्या पितात. इथिओपियात पाहुण्यासमोर कॉफीचे दाणे भाजून, कुटून, तीन फेऱ्यांत कॉफी देतात. पहिल्या फेरीनंतर उठणे अशिष्ट. अर्जेंटिनात ‘माते’ नावाचा कडवट काढा एकाच पात्रातून, धातूच्या एकाच नळीने, सगळी मंडळी आळीपाळीने पितात. आपल्या उष्ट्याखरकट्याच्या कल्पनेला यासारखी कसोटी नाही! नको असेल तर पात्र परत देताना ‘ग्रासियास’, म्हणजे आभार, एवढे म्हणावे. म्हणजे पुरे झाले असा त्याचा अर्थ होतो. प्रत्येक देशाने नकाराचीही काही गोड रीत ठेवलेली असते. ती शिकून घ्यावी.

मद्य घेणाऱ्यांना आम्ही उपदेश करणार नाही आणि न घेणाऱ्यांना आग्रहही करणार नाही. आपल्याकडे ताड नि शिंदी यांच्या सावलीत वाढलेल्यांना एवढे माहीत असते की, पहाटेची नीरा आणि दुपारची ताडी यांत काही तासांचेच अंतर असते. पोर्तुगालच्या उत्तरेकडे ‘व्हीन्यु व्हेर्द’ म्हणून द्राक्षाची हलकी मदिरा मिळते. शब्दशः ती ‘हिरवी’, पण अर्थ रंगाचा नसून कोवळेपणाचा आहे. हे आमच्या फोरमनसाहेबांना समजावून सांगावे लागले नाही. ज्याला घ्यावयाचे त्याने जेवणाबरोबर आणि बेताने घ्यावे. ज्या देशांत मद्याला बंदी आहे तेथील कायदा काटेकोर पाळावा. आणि ज्याला नको त्याने पेला उंचावून त्यातले पाणी प्यावे; यजमानाला आनंद सोबतीचा असतो.

व्रताचा मान

येथे कोणी म्हणेल, सर्वांनी सर्व काही खाल्लेच पाहिजे असा तुमचा आग्रह आहे काय? मुळीच नाही. ज्याचे व्रत आहे त्याने ते पाळावे. जगातील बहुतेक लोकांना व्रत म्हणजे काय ते कळते, कारण त्यांचीही काही ना काही व्रते असतात. वृद्ध आणि आजारी यात्रेकरूंसाठी सहल काढणाऱ्यांनी बरोबर आचारी नेला तर त्यालाही आम्ही नावे ठेवणार नाही. अशा सहलींमुळे ज्यांनी एरवी उंबरठा ओलांडला नसता त्यांनी बर्फाचे डोंगर पाहिले आहेत. आमचे म्हणणे इतकेच की, नाकारण्यापूर्वी विचारावे, आणि नाकारताना समोरच्याला आपल्या हातांकडे पाहण्याची पाळी आणू नये. सूप न पिता देखील आम्हांस त्या बाईंना ‘बसा’ म्हणता आले असते; आमच्यातील एक दशमी देता आली असती. तेही आम्हांस सुचले नाही.

शेजारचा परमुलूख

तारापूर हाही कोणाचा तरी परमुलूख आहे. साठच्या दशकात अणुवीज केंद्र उभारण्यासाठी अमेरिकन अभियंते येथे येऊन राहिले. १९६९ मध्ये केंद्र सुरू झाले. त्यांच्यासाठी आपला किनारा हाच परदेश होता. आज तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाकडील हजारो माणसे काम करतात. बोईसरात लिट्टी-चोखा मिळतो, उन्हाळ्यात सातूचे सरबत मिळते. ओडिशाचा कामगार रात्री पाण्यात घालून आंबविलेला भात सकाळी मिरची-कांद्याबरोबर खातो. पूर्वेकडील पाड्यांवर आंबील पिऊन कामाला निघणाऱ्या वारल्यांच्या न्याहारीची ही सख्खी बहीण आहे. आपल्यापैकी किती जणांनी यांतले काही चाखले आहे? लिस्बनच्या सुपापर्यंत पोहोचावयास आम्हांस पाच दिवस लागले. डहाणू तालुक्यातील पाड्यापर्यंत पोहोचावयास चाळीस वर्षे पुरली नव्हती.

परत आल्यावर पावसाळा लागला. शेवळ्याची भाजी उगवते ते दिवस. आमच्या वाडीवाल्यांनी एके रविवारी आम्हांस बोलावले आणि आम्ही सगळे त्या वारली बाईच्या घरी गेलो. तिचे वय आता झाले आहे. ती कामाला येत नाही. आम्ही येणार हे सांगितलेले होते. तिने ओसरी सारवून ठेवली होती, आणि शेजारच्या घरातून नवे कप मागून आणले होते. आम्हांला ते आणण्याचे कारण कळले, आणि वाडीवाल्यांची मान खाली गेली. तिने नागलीची भाकर, उडदाचे पिठले आणि शेवळ्याची भाजी वाढली. शेवळ्याने घसा खवखवू नये म्हणून काकडे नावाच्या आंबट फळांचा रस घालतात, हे तिनेच शिक्षिकाबाईंना समजावून सांगितले. वाडीवाल्यांनी दुसरी भाकर मागितली तेव्हा ती म्हणाली, “शेठ, तुमच्या घरी गव्हाची पोळी असते. ही जड जाल.” ते म्हणाले, “जाऊ दे.” याहून अधिक बोलणे त्या विषयावर झाले नाही, आणि चाळीस वर्षांचा हिशेब एका भाकरीने फिटतो असे आम्हांपैकी कोणीही समजत नाही.

इथिओपियात एक रीत आहे. जेवताना यजमान आपल्या हाताने घास करून पाहुण्याच्या तोंडात भरवतो. त्याला ‘गुर्शा’ म्हणतात. आपल्याकडे लग्नात नवरानवरी एकमेकांना घास भरवतात, आणि आई मुलाला भरवते. आपल्या हातांनी केलेले दुसऱ्याच्या पोटात जावे, यापेक्षा मोठा विश्वास माणूस माणसाकडे मागू शकत नाही, आणि देऊही शकत नाही.

ज्या श्रोत्यांचे यंदा परदेशी जाण्याचे ठरत असेल त्यांनी पारपत्र, व्हिसा, गरम कपडे यांची तयारी जरूर करावी. त्याबरोबर एक छोटीशी तयारी आणखी करावी. निघण्यापूर्वी आपल्याच गावात, ज्या घरी आजवर पाणीसुद्धा घेतलेले नाही अशा एखाद्या घरी, आधी कळवून, जेवावयास जावे. आणि परतून आल्यावर कोणी विचारील, ‘खायचे हाल झाले का?’ तर त्याला घरी बोलावून तिकडचे एखादे सूप करून वाढावे. बटाटा येथे मिळतोच.